रोमचा अभ्यास ‘पदव्युत्तर’ कसा झाला

प्राचीन रोमचा इतिहास आणि लॅटिन-ग्रीक घेऊन एम.ए. किंवा पीएच.डी. करता येते, ही सोय आपल्याला वाटते तितकी जुनी नाही. लॅटिन युरोपात अखंड शिकवली गेली हे खरं, पण ती वकील, वैद्य किंवा धर्मोपदेशक होण्यासाठी. सिसेरोच्या वळणाचं गद्य लिहिता आलं, व्हर्जिलच्या छंदात चार ओळी रचता आल्या की शिक्षण पुरं झालं. रोमन लोक जगत कसे होते आणि ते आपल्याला कशावरून कळतं, हा प्रश्न विद्यापीठांत रुजायला अठरावं शतक संपत यावं लागलं.

एप्रिल १७७७ मध्ये फ्रीडरिश आउगुस्ट वोल्फ हा अठरा वर्षांचा मुलगा ग्योटिंगेन विद्यापीठात नाव घालायला गेला. विषय कोणता, तर ‘फिलॉलॉजी’, म्हणजे प्राचीन ग्रंथांचा त्यांच्या भाषेतून शोध. विद्यापीठात शाखा चारच होत्या: धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि तत्त्वज्ञान. शिक्षक व्हायचं असेल तर धर्मशास्त्राला नाव घाल, असं त्याला सांगण्यात आलं. तो हटला नाही. पुढे हाले इथे प्राध्यापक झाल्यावर १७८७ मध्ये त्याने स्वतःचं सेमिनार सुरू केलं. ग्योटिंगेनला गेस्नर या प्राध्यापकाने १७३८ मध्येच असा वर्ग काढला होता, तेव्हा सगळं श्रेय वोल्फला देणं बरोबर नाही. पण भाषा, इतिहास, कायदा, नाणी, शिल्प हे सगळं मिळून प्राचीन जगाचं एकच शास्त्र होतं, हा आग्रह त्याने लावून धरला. सेमिनारमध्ये मोजके विद्यार्थी असत. एकाने एखाद्या उताऱ्यावर निबंध वाचायचा, दुसऱ्याने त्याच्या चुका काढायच्या, आणि सगळा वाद लॅटिनमध्ये. आजच्या पदव्युत्तर वर्गाचं मूळ मला इथेच दिसतं.

या पद्धतीची धार किती, ते नीबूर या इतिहासकाराने दाखवलं. १८१०-११ मध्ये बर्लिनच्या नव्या विद्यापीठात रोमच्या इतिहासावर व्याख्यानं देताना त्याने प्राचीन रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेल्या आरंभीच्या राजांच्या कथा जशाच्या तशा मानायला नकार दिला. १८१६ मध्ये प्रशियाचा दूत म्हणून रोमला निघालेला असताना तो वाटेत वेरोनाच्या चर्चच्या ग्रंथालयात थांबला. तिथे संत जेरोमची पत्रं असलेल्या एका चर्मपत्राच्या पोथीत त्याला खालच्या थरात पुसट अक्षरं दिसली. चर्मपत्र महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. त्या खरवडलेल्या ओळी दुसऱ्या शतकातल्या गायस या कायदेपंडिताच्या पाठ्यपुस्तकाच्या निघाल्या. रोमन कायद्याचं इतकं सलग पाठ्यपुस्तक त्या काळातलं दुसरं हाती आलेलं नाही.

थिओडोर मॉमसेनने हीच शिस्त दगडांना लावली. बर्लिनच्या अकादमीने १८५३ मध्ये सगळे लॅटिन शिलालेख एकत्र छापण्याचं काम हाती घेतलं, त्याचा तो कर्ताधर्ता. आधीच्या विद्वानांच्या नकलांवर भिस्त न ठेवता प्रत्यक्ष दगडापाशी जाऊन वाचायचं, हा त्याचा नियम. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलून घ्यायचा; अक्षरांचा ठसा कागदावर उठतो. आज या संग्रहात सुमारे १ लाख ८० हजार लेख आहेत. कुठल्या गावचा कोण सैनिक, कुठल्या मुक्त झालेल्या दासीने नवऱ्यासाठी थडगं बांधलं, हे इतिहासकारांच्या ग्रंथांत नव्हतं. ते या दगडांत सापडलं. मॉमसेनला १९०२ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं.

जर्मनीतून ही पद्धत भराभर पसरली. १८५३ मध्ये ग्योटिंगेनहून डॉक्टरेट घेतलेला बेसिल गिल्डरस्लीव्ह १८७६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला आणि अमेरिकेत पदव्युत्तर संशोधनाचा पाया घातला गेला. रोममध्ये जर्मन, फ्रेंच, अमेरिकन, ब्रिटिश संस्था उभ्या राहिल्या, तिथे राहून विद्यार्थी उत्खननं आणि शिलालेख शिकू लागले.

याचा एक धागा थेट मुंबई-पुण्यापर्यंत येतो. ग्योटिंगेनला ग्रीक-लॅटिन आणि संस्कृत शिकून डॉक्टरेट घेतलेले गेऑर्ग ब्यूलर १८६३ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात आले. पाठोपाठ कीलहॉर्न हे संस्कृतचे जर्मन अभ्यासक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. दोघांनी मिळून ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ सुरू केली. पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेतलेल्या वि. सी. सुकथनकरांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवण्याच्या कामाची, धुरा वाहिली. समान चुका बघून हस्तलिखितांची वंशावळ लावायची, ही रीत युरोपात लॅटिन-ग्रीक ग्रंथांवर घासूनपुसून तयार झाली होती. महाभारतासारख्या वाढत गेलेल्या ग्रंथाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत दाखवलं. मला हे त्यांचं मोठं काम वाटतं.

विसाव्या शतकात पाया हलला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने १९६० मध्ये प्रवेशासाठी लॅटिनची अट काढली, तशी शाळांतली लॅटिन झपाट्याने आटली. त्यामुळे पदव्युत्तर अभ्यासक्रमांना शून्यापासून भाषा शिकवण्याची सोय करावी लागली. उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी दार उघडलं, हे चांगलंच झालं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये ‘क्लासिक्स’, म्हणजे ग्रीक-रोमन अभ्यास, घेऊन पदवी करणाऱ्यांवरची ग्रीक किंवा लॅटिनची सक्ती काढली, तेव्हा मोठा वाद झाला. पदवीपुरतं ते समजू शकतं, पण संशोधनाच्या पायरीवर भाषेला पर्याय नाही असं माझं ठाम मत आहे. म्युनिकमध्ये लॅटिनचा महाकोश १८९४ पासून तयार होतो आहे. शब्दांचे अर्थ त्यात लॅटिनमध्येच दिलेले असतात, आणि काम अजून पुरं झालेलं नाही. त्याला अजून माणसं हवी आहेत.