सूर्य कुणाचा? रीमेक आणि नवं रूपांतर यांची गल्लत

‘जुन्या भयपटांचे रीमेक भिकारच असतात. अपवाद एकच, कार्पेंटरचा द थिंग.’

सिनेमावर गप्पा रंगल्या की हे वाक्य येतंच. बोलणारा दर वेळी वेगळा, वाक्य तेच. त्यातला तो अपवाद, म्हणजे जॉन कार्पेंटरचा १९८२ चा भयपट, मुळात रीमेकच्या खात्यात बसतो का, हे तपासायच्या फंदात कुणी पडत नाही. बरीच वर्षं मीही पडलो नव्हतो. वर्नर हर्झॉगचा १९७९ चा ‘नोस्फेराटू’ मी लावला तोच मुळी नावं ठेवायला. त्याच नावाचा १९२२ चा मूळ व्हॅम्पायरचा मूकपट अंगात इतका भिनलेला, की त्याला हात लावणाऱ्याचा मला रागच होता. पाऊण तासात नावं ठेवायचं विसरून गेलो. तेव्हापासून मी ‘रीमेक’ या शब्दाच्या मागे लागलोय. लोक रीमेकला ज्या शिव्या घालतात, त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या पत्त्यावर जातात असं माझं ठाम मत झालंय. कौतुकाचंही तेच.

रीमेक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. सिनेमावरून सिनेमा. विशाल फुरियांनी आपलाच ‘लपाछपी’ २०२१ मध्ये हिंदीत ‘छोरी’ म्हणून काढला. गरोदर बाई तशीच, उसाचं रान तसंच. टोकाचं उदाहरण हवं तर गस व्हॅन सँटचा १९९८ चा ‘सायको’. हिचकॉकच्या १९६० च्या सिनेमाची जोसेफ स्टेफानोची पटकथाच पुन्हा घेतली, शॉट जवळजवळ जसेच्या तसे, फक्त रंगीत. मला तो कंटाळवाणा वाटला, पण तो काय आहे याबद्दल निदान कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो मागे एखादी कथा-कादंबरी असते तेव्हा. ‘सायको’च्या मागेही रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी आहे, पण १९९८ चा सिनेमा निघालाय तो सिनेमातून. याउलट एखादा दिग्दर्शक आधीचा सिनेमा बाजूला ठेवून थेट पुस्तकाकडे जातो, तेव्हा तो रीमेक करत नसतो. तो त्या पुस्तकाचं नवं रूपांतर करत असतो. एकाच लढाईवर दोन शाहिरांनी पोवाडे रचले तर दुसऱ्यानं पहिल्याची नक्कल केली असं आपण म्हणत नाही. सिनेमाच्या बाबतीत मात्र बेधडक म्हणतो.

मग ओळखायचं कसं? बहुतेकजण नावांवरून ओळखायला जातात आणि तिथंच घसरतात. जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा १९२२ चा ‘नोस्फेराटू’ ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून (१८९७) केलेला, पण हक्क न घेता. म्हणून नावं बदलली. व्हॅम्पायर काउंट ड्रॅक्युलाचा झाला ऑरलॉक, नायक हार्करचा हुटर, नायिका मीनाची एलेन, आणि लंडनच्या जागी विस्बोर्ग नावाचं जर्मन गाव आलं. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि कोर्टानं सिनेमाच्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो बघू शकतो. म्हणजे नावं सगळी वेगळी, तरी हे पुस्तकाचंच रूपांतर. आता हर्झॉगकडे या. त्याच्या वेळेला हक्कांची भानगड उरली नव्हती, म्हणून त्यानं पुस्तकातली नावं परत आणली: काउंट ड्रॅक्युला, जोनाथन हार्कर, रेनफिल्ड. (नायिकेचं नाव मात्र मीनाऐवजी लूसी ठेवलं. का ते तोच जाणे.) नावंच बघाल तर म्हणाल, हा ‘ड्रॅक्युला’. पण त्याचा ड्रॅक्युला, नट क्लाउस किन्स्की, पडद्यावर येतो तो नखशिखांत ऑरलॉक होऊन. टक्कल, लांब नखं, उंदरासारखे पुढचे दोन दात.

म्हणून नावं सोडा. आधीच्या सिनेमानं स्वतःच्या पदरची काय भर घातली होती, जी पुस्तकात नव्हती, ती शोधा. मग ती भर नव्या सिनेमात उतरलीय का ते बघा.

‘नोस्फेराटू’च्या बाबतीत ती भर म्हणजे सूर्य. व्हॅम्पायर उन्हात मरतो हे आपल्याला बाराखडीसारखं पाठ असतं. पुस्तकात तसं काही नाही. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत हिंडतो आणि त्याला पाहून हार्करची पाचावर धारण बसते. दिवसा त्याची शक्ती ओसरते, एवढंच. शेवटचा प्रसंग तर वाचण्यासारखा आहे. दिवस बुडायला आलाय, शवपेटीचं झाकण उचकटलंय, आत पडलेल्या काउंटला मावळता सूर्य समोर दिसतो. तो जळत नाही, भाजत नाही. उलट त्याच्या नजरेतला द्वेष जाऊन तिथं विजय चमकतो, कारण आता रात्र होणार. त्याच क्षणी हार्करचा सुरा गळ्यावर फिरतो आणि त्याच्या साथीदाराचा, क्विन्सी मॉरिसचा, काळजात घुसतो. स्टोकरचा ड्रॅक्युला उन्हानं नव्हे, दोन सुऱ्यांनी मेला.

पहाटेच्या उजेडात त्याचा धूर होणं हे १९२२ च्या सिनेमाचं डोकं. एका बाईनं स्वतःचा जीव देऊन त्याला उजाडेपर्यंत आपल्यापाशी गुंतवून ठेवायचं, हेही सिनेमाचंच. त्याच्यापाठोपाठ गावात प्लेग येतो, तेही. हर्झॉगनं तिन्ही घेतली. रॉबर्ट एगर्सनं २०२४ च्या आपल्या ‘नोस्फेराटू’त तिन्ही घेतली. म्हणून हे दोन्ही अस्सल रीमेक, मग पात्रांची नावं काहीही असोत. एगर्सच्या काउंटला भरघोस मिशा आहेत म्हणून काहीजण खवळले, ‘मूळ’ ऑरलॉकला मिशा कुठे होत्या म्हणून. ऑरलॉकला नव्हत्या, पण स्टोकरच्या ड्रॅक्युलाला होत्या, पहिल्याच भेटीत त्यांचं वर्णन आहे. रीमेक करता करता मिशा तेवढ्या पुस्तकातल्या उचलल्या तर बिघडलं कुठे?

याच्या उलट माझ्या डोक्यात जाणारी तक्रार कोपोलाच्या १९९२ च्या ‘ड्रॅक्युला’बद्दलची. ‘अहो, तो चक्क दिवसा लंडनमध्ये फिरतो, एवढी साधी गोष्ट कळू नये?’ कळली होती, पुस्तक उघडलं होतं म्हणून. त्या सिनेमात इतर हजार गोष्टींवर बोट ठेवा, जन्मोजन्मीच्या प्रेमाचा तो पाक मलाही जास्त गोड होतो, पण दिवसा फिरण्यावर नको.

मात्र एकाच खुणेवर निकाल देऊ नका. हॅमर कंपनीच्या १९५८ च्या ‘ड्रॅक्युला’त ड्रॅक्युला झालेला ख्रिस्तोफर ली शेवटी उन्हातच राख होतो, म्हणून तो काही ‘नोस्फेराटू’चा रीमेक ठरत नाही. एकदा एखादी कल्पना लोकांना पटली की ती सार्वजनिक पाणवठ्यासारखी होते, कुणीही घागर बुडवावी. बाईचं बलिदान आणि प्लेग त्यात नाहीत. दोन-तीन खुणा जुळल्या तर बोला.

आता तो अपवाद. जॉन डब्ल्यू. कॅम्बेलची ‘हू गोज देअर?’ ही कथा १९३८ ची. अंटार्क्टिकावरच्या तळावर बर्फातून काढलेला परग्रहावरचा जीव कुणाचंही हुबेहूब रूप घेतो, त्यामुळे माणसांतला माणूस कोण हेच कळेनासं होतं. तिच्यावरच्या १९५१ च्या सिनेमानं, ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’नं, हा गाभाच काढून टाकला. तळ उत्तर ध्रुवाकडे नेला आणि जीव म्हणजे रक्त पिणारा एक धिप्पाड वनस्पती-माणूस केला. सिनेमा म्हणून तो चुरचुरीत आहे, संवाद एकमेकांवर आदळत राहतात. पण कार्पेंटरनं १९८२ मध्ये त्यातलं घेतलं काय? वनस्पती-माणूस नाही, उत्तर ध्रुव नाही. तो अंटार्क्टिकावर परत गेला, रूप बदलणं परत आणलं, कथेतली रक्ताची परीक्षा आणली, मॅक्रेडी, ब्लेअर, कॉपर, गॅरी ही माणसंसुद्धा कथेतलीच. जुन्या सिनेमाला त्यानं दोन नमस्कार केलेत: पडदा जाळत उमटणारं शीर्षक, आणि बर्फाखालच्या यानाभोवती हात पसरून रिंगण धरणारी माणसं. नमस्कार म्हणजे वारसा नव्हे. ‘द थिंग’ हे नवं रूपांतर आहे. तेव्हा रीमेकची बाजू मांडायला त्याला साक्षीदार करू नका, आणि बाकीच्या रीमेकना खाली दाखवायलाही नको.

२०११ चा ‘द थिंग’ यातलं काहीच नाही. कार्पेंटरच्या सिनेमात ज्या नॉर्वेजियन तळाचे नुसते अवशेष दिसतात, त्याची ती आधीची गोष्ट आहे. संपतो तो जिथं १९८२ चा सुरू होतो तिथं, कुत्र्यामागे लागलेल्या हेलिकॉप्टरवर. नाव तेच का ठेवलं, हे ठेवणाऱ्यांनाच विचारा. ‘रीबूट’ (जुनी गोष्ट नव्यानं सुरू करणं) हा शब्द मी वापरत नाही. तो जाहिरातवाल्यांचा आहे, त्यांच्याकडेच राहू दे.

हे सगळं कशाला, असं विचाराल. कारण बघताना नजर कुठे ठेवायची ते यावर ठरतं. नवं रूपांतर बघताना मी जुना सिनेमा विसरायचा प्रयत्न करतो; त्याच्याशी ताडून बघणं हा दोघांवरही अन्याय. रीमेकचं उलटं आहे. तुम्हाला जुना सिनेमा पाठ आहे हे रीमेकला ठाऊक असतं, आणि चांगला रीमेक त्याच माहितीवर तुम्हाला खेळवतो.

हर्झॉगनं मला असंच गाठलं. लूसीनं पहाटेपर्यंत काउंटला अडकवून ठेवलं, उजाडलं, तो कोसळला. १९२२ चा सिनेमा इथं जवळपास संपतो, म्हणून मी कप उचलून उठायला लागलो. काउंटनं चावलेला तिचा नवरा जोनाथन कोपऱ्यात खुर्चीवर होता, त्यानं हलू नये म्हणून लूसीनं त्याच्याभोवती चुरलेल्या पवित्र प्रसादाचं रिंगण घातलेलं. त्यानं मोलकरणीला हाक मारली आणि जमीन झाडून घ्यायला सांगितली. तिनं केरसुणी घेतली, झाडलं. तो रिंगणाबाहेर आला, घोडा मागवला, आणि भर उजेडात वाळूच्या माळावरून दौडत निघून गेला. मी कप हातात धरून तसाच उभा.