प्रौढ शिक्षणातील वर्षनिहाय सहभाग-नोंद (सोलापूर)

प्रौढ वर्गात नाव घातलेल्या, प्रत्यक्ष शिकणाऱ्या आणि चाचणीस बसणाऱ्या व्यक्तींची एका आर्थिक वर्षातून पुढच्या वर्षात सलग नोंद ठेवण्याची पद्धती. सरकारी निधीचे वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपते. प्रौढाचे शिकणे मात्र कामाची पाळी, हंगाम आणि घरकामातून मिळणाऱ्या सवडीवर चालते. यंत्रमाग, विडी आणि ऊस यांवर मोठी वस्ती पोसणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात ही विसंगती विशेष जाणवते.

महाराष्ट्रातील प्रौढ शिक्षणाचा आरंभ बहुधा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात काढलेल्या रात्रशाळेपासून धरतात. नोंदपद्धतीचा उगम तिथेच मानावा का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ती १९३७ नंतरच्या प्रांतिक मंत्रिमंडळांच्या साक्षरता मोहिमांतून आली, असे म्हणता येईल, कारण प्रौढांची मोठ्या प्रमाणावर गणना तेव्हापासून होऊ लागली. परंतु १८५४ च्या वुडच्या खलित्याने (शिक्षणविषयक सरकारी धोरणपत्राने) अनुदानपद्धती आणली आणि शाळेला मिळणारा पैसा तपासणी व हजेरीशी बांधला गेला. वर्षाच्या चौकटीत विद्यार्थी मोजण्याची गरज तिथूनच निर्माण झाली असावी. हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरण्याची रीत १८६७ पासूनची आहे. त्यापूर्वी ते १ मे रोजी सुरू होई, त्यामुळे १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे भरले. त्या काळचे वार्षिक आकडे एकाखाली एक मांडताना एवढे ध्यानात ठेवावे लागते.

वर्षे एकमेकांत घुसण्याचा प्रश्न राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात उघड झाला. हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला. केंद्रामागे साधारण ३० प्रौढ आणि सुमारे दहा महिन्यांचा अभ्यासक्रम, अशी त्याची रचना होती. ऑक्टोबरात उघडलेले केंद्र पुढच्या जुलैत संपणार, म्हणजे तेच ३० जण दोन आर्थिक वर्षांत दिसणार. दोन्ही वर्षांचे आकडे बेरजेत घेतले की माणसे दुप्पट होतात. राष्ट्रीय साक्षरता मिशन (१९८८) आणि साक्षर भारत (२००९) या पुढच्या टप्प्यांत भर केंद्र चालविण्यावरून चाचणी उत्तीर्ण होण्याकडे सरकला. साक्षर भारतमध्ये मार्च व ऑगस्ट अशा वर्षातून दोन चाचण्या असत.

सध्याचा उल्लास – नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच आर्थिक वर्षांसाठी आहे. देशपातळीवर त्याची तरतूद १,०३७.९० कोटी रुपये (केंद्राचा वाटा ७०० कोटी) असून दरवर्षी एक कोटी याप्रमाणे पाच कोटी असाक्षरांचे उद्दिष्ट आहे. वय १५ वर्षे व त्यापुढे. शाळा हे अंमलबजावणीचे एकक आहे. सर्वेक्षणात सापडलेल्या असाक्षराची ॲपवर नोंदणी करून त्याची स्वयंसेवकाशी जोडणी केली जाते. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी १५० गुणांची असते: वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ आणि २३ मार्च २०२५ रोजी झाली. चाचणी ‘मार्च एंड’च्या तोंडावर आणि निकालाचे काम नव्या वर्षात, त्यामुळे परीक्षार्थी एका वर्षाचे व प्रमाणपत्रधारक दुसऱ्या वर्षाचे ठरू शकतात. अहवालात कोणते वर्ष धरले आहे हे नमूद नसेल, तर उत्तीर्णांची टक्केवारी निरर्थक ठरते.

नोंद ठेवण्याची सर्वांत भरवशाची रीत खतावणीसारखी आहे: आरंभीची शिल्लक, नवी नोंदणी, परत आलेले, उत्तीर्ण, गळालेले, अखेरची शिल्लक. एक काल्पनिक केंद्र घेऊ. १ एप्रिलला मागचे १४ शिकणारे, वर्षात नवे २१, मध्येच सोडून परत आलेले ३. एकूण नोंदी ३८. यांतून १७ उत्तीर्ण व ९ गळालेले वजा जाता १२ पुढच्या वर्षात जातात. परतलेले तिघे याच वर्षी सोडून गेले असतील, तर व्यक्ती ३५ आणि नोंदी ३८. ते मागच्या वर्षी गळाले असतील, तर व्यक्तीही ३८. दोन वर्षांची बेरीज करताना पुढे गेलेले १२ एकदाच धरायचे. हे सारे व्यक्तीला एकच कायम क्रमांक असला तरच जमते. अमेरिकेतील प्रौढ शिक्षणाच्या राष्ट्रीय अहवाल प्रणालीत किमान १२ तास शिकलेल्यालाच सहभागी म्हणतात. सलग ९० दिवस कोणतीही सेवा घेतली नाही आणि पुढेही ठरलेली नाही, तर तो बाहेर पडला असे मानतात. तेथील कार्यक्रमाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. नुसते नाव घातलेला आणि खरोखर शिकणारा यांत भेद करणारी ही तासांची अट आपल्याकडेही उपयोगी पडेल, कारण नोंदणीचा आकडा फुगवणे सर्वांत सोपे असते.

सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारी मोठी वस्ती आहे. पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) कुटुंबांत आडनाव आधी लिहिण्याची रीत आढळते. तेच नाव दुसऱ्या यादीत उलट क्रमाने आले की संगणकाला दोन माणसे दिसतात. लग्नानंतर बदललेले नाव ही आणखी एक अडचण, आणि विडी कामगारांत बहुसंख्या स्त्रियांचीच असल्याने ती लहान नाही. विडी वळण्याचे काम घरीच होते, पाने व तंबाखू आणणे आणि तयार माल देणे यांच्या वेळा ठरलेल्या असतात. त्यामुळे वर्ग दुपारी उशिरा किंवा रात्री घ्यावा लागतो. यंत्रमाग कामगाराची पाळी बदलली की हजेरीही बदलते, त्याला गळती म्हणणे घाईचे होईल.

ग्रामीण भागात उसाचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो, म्हणजे आर्थिक वर्षाची नेमकी उत्तरार्धाची बाजू. बीड, धाराशिवकडून आलेल्या तोडणी मजुराचे नाव गावच्या शाळेत असते आणि चाचणीच्या सुमारास तो सोलापूरच्या फडात असतो. जिल्हा परिषद व महानगरपालिका यांच्या शाळा वेगवेगळ्या यंत्रणांकडे असल्याने अक्कलकोट किंवा मोहोळहून शहरात राहायला आलेली व्यक्ती जुन्या यादीत गळालेली आणि नव्या यादीत नवी म्हणून दाखविली जाऊ शकते. अशा वेळी पहिल्या नोंदणीचे वर्ष कायम ठेवून फक्त शाळा बदलल्याची नोंद करणे योग्य होय.