बीडचे परवाने आणि गावठी कट्टा

डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीडमधली चर्चा बघता बघता बंदुकांवर आली. हवेत गोळीबार करणाऱ्यांचे व्हिडिओ फिरले. जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचे समोर आले आणि फेरतपासणीत प्रशासनाने शंभराहून अधिक रद्द केले. पण रद्द होतो तो परवाना. गावठी कट्ट्याला परवानाच नसतो.

हा घोळ जुना. व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८मध्ये, ब्रिटिश मुलखातल्या हिंदी माणसाचे हत्यार परवान्याला बांधले गेले. त्याचा सल इतका खोल होता की १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क आला. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत सदस्य ह. वि. कामतांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, सूचना फेटाळली गेली. आपल्याकडे मराठवाड्यात तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनला तीन महिनेही झाले नव्हते. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या बंदुका मराठवाड्याने सोसल्या होत्या आणि संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून त्यांच्याशी लढणाऱ्या पोरांच्या बंदुकांचा आधारही घेतला होता. कामत बरोबर की आंबेडकर, हे तेव्हा इथे विचारले असते तर गावागणिक वेगळे उत्तर मिळाले असते.

१९५९चा शस्त्र कायदा आला तो परवाना पद्धत कायम ठेवूनच. पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्यात आहे. रानडुकरांनी रान उकरले की शेतकऱ्याला तो आठवतो. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप झाली.

तरी कट्टा येतोच. सातपुड्याच्या कुशीत, चोपड्यापलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी आहे; तिथल्या कारागिरांचे पिढीजात कसब बेकायदा पिस्तुलांत उतरले आणि महाराष्ट्रातल्या पोलिसांचे तपास तिथवर जाऊ लागले. कडक कायद्याच्या जपानमध्येही जुलै २०२२मध्ये शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीनेच झाली. म्हणून बंदुका सर्रास वाटाव्यात, असे मला मुळीच वाटत नाही. बीडमध्ये परवाने तपासले हे चांगलेच झाले. मात्र निवडणूक लागली की ठाण्यात जमा होतात त्या परवान्याच्याच बंदुका. कट्टा सापडतो तो झडतीत, नाहीतर गोळी सुटल्यावर.