बीडीएसला जायचंय, पण दात वेडेवाकडे आहेत? कोल्हापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

आधी थेट उत्तर: बीडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदवीच्या) प्रवेशात तुमचे स्वतःचे दात कुणीही, कुठल्याही टप्प्यावर बघत नाही. दात पुढे आलेले असोत, दाढेत सिमेंट भरलेलं असो, रूट कॅनाल करून कॅप बसवलेली असो, तारा लावलेल्या असोत, नाहीतर लहानपणी सायकलवरून पडून समोरचा दात अर्धा गेलेला असो. नीटच्या (वैद्यकीय-दंत प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या) फॉर्ममध्ये, राज्यातले प्रवेश राबवणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत, कॉलेजच्या प्रवेश अर्जात दातांसाठी रकानाच नाही. नीटला दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे अपलोड करावे लागतात. दातांचा ठसा कुणी मागत नाही.

तरी बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न हमखास येतो, आणि कोल्हापुरात तो का येतो हे कळण्यासारखं आहे. इथे गल्लीत दोन-चार पोरं तरी सैन्यभरतीची तयारी करत असतात, आणि भरतीत दात खरोखर मोजतात. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत किमान १४ डेंटल पॉइंट लागतात. समोरचे दात, सुळे आणि उपदाढा यांच्या वर-खाली जुळणाऱ्या जोडीला १ पॉइंट, मोठ्या दाढांच्या जोडीला २. बत्तीसच्या बत्तीस धड असतील तर बेरीज २२ होते. अमक्याच्या पोराला दातांवरून परत पाठवलं हे कानावर आलेलं असतं. मग घरात हिशेब लागतो, शिपायाचे दात एवढे बघतात तर दातांच्या डॉक्टरचे किती बघत असतील! पण तो नियम लष्कराचा. बीडीएस झाल्यावर आर्मी डेंटल कोअरमध्ये अधिकारी व्हायचं असेल तर लष्कराची वैद्यकीय तपासणी द्यावी लागेल, पण तो पाच वर्षांनंतरचा विषय.

फिटनेसचा दाखला

गोंधळाचं दुसरं मूळ म्हणजे मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट. कागदपत्रांच्या यादीत हे नाव दिसलं की पालकांना वाटतं, आता तोंड उघडायला लावणार. या दाखल्याचा ठरलेला नमुना सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी असतो. उमेदवाराची शारीरिक आणि मानसिक प्रकृती चांगली आहे, शिक्षणात अडथळा येईल असा दोष नाही, एवढंच त्यात डॉक्टर लिहून देतात. नमुना तोच वापरा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून आणलेला दाखला घेऊन गेलात तर परत पाठवतात. खाली सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हे तिन्ही लागतं. घरचे डॉक्टर एमबीबीएस असतील तर त्यांच्याकडून घ्या, म्हणजे पुढे हुज्जत होत नाही.

दंतवैद्याला प्रत्यक्षात काय लागतं, तर जवळचं बारीक दिसणारी नजर (चष्मा चालतो), स्थिर हात आणि तासन्‌तास वाकून काम करणारी मान आणि पाठ. पहिल्याच वर्षी मेणाचा ठोकळा हातात देतात आणि त्यातून दात कोरायला लावतात. दाढेवरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा, मुळाचा बाक, सगळं मापात. जरा जास्त खरवडलं गेलं की तो ठोकळा बाद, नवा घ्या. कुणाचा हात बसतो आणि कुणाचा बसायला वेळ लागतो ते तिथे कळतं. स्वतःचे दात मोत्यासारखे असण्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर राखीव जागा आहेत, पण त्यासाठी वेगळी तपासणी आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नीटच्या समुपदेशनासाठी (म्हणजे जागावाटपासाठी) ठरवून दिलेल्या केंद्रांवरच तपासणी होते. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हे त्यातलं एक केंद्र. तारखा कमी असतात, निकाल लागताच हालचाल करा.

मग स्वतःच्या दातांचं काही करायचंच नाही का? करा, पण प्रवेशासाठी म्हणून नाही. कीड असेल तर भरून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दाखवा. रुग्णाला तंबाखू आणि मिसरी सोडायला सांगणाऱ्याचं स्वतःचं तोंड स्वच्छ असावं, एवढं तर माणूस धरतोच. दात वाकडे असण्याचं मात्र कुणाला काही वाटत नाही, आणि काम करताना तोंडावर मास्क असतोच. तारा लावायच्याच असतील तर त्यासाठी वर्ष वाया घालवू नका. डेंटल कॉलेजच्या ओपीडीत बाहेरच्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात, आणि शिकता शिकता तिथेच तारा लावून घेणारे विद्यार्थी असतात.

पात्रता

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी (किंवा बायोटेक्नॉलॉजी) आणि इंग्रजी हे विषय हवेत. पहिल्या तीन विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५० हवी. मागासवर्गीयांना ४० टक्के, खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांना ४५ टक्के.

याशिवाय नीट-यूजी पात्र व्हावं लागतं. खुल्या प्रवर्गाला ५० पर्सेंटाइल, राखीव प्रवर्गांना ४०. इथे बरेच पालक घसरतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, किती टक्के उमेदवारांना तुमच्याइतके किंवा कमी गुण मिळाले ते. ७२० पैकी ३६० गुण मिळाले नाहीत म्हणून पोरगी नापास, असा अर्थ काढून घरात रडारड झाली असेल तर आधी स्कोअरकार्ड नीट वाचा. आणि नीट पात्र होणं म्हणजे जागा मिळणंही नव्हे, जागा गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर मिळते.

राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी आणि महाराष्ट्राचा अधिवास हवा. कोल्हापूरकरांनी हे वाक्य दोनदा वाचावं. कागल, गडहिंग्लज, चंदगड भागातली कितीतरी मुलं सोयीची शाळा म्हणून निपाणी किंवा बेळगावात शिकतात. राहायला महाराष्ट्रात, पण दहावी कर्नाटक बोर्डाची, तर राज्य कोट्यात अडचण येते. केंद्र सरकारच्या सेवेतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत, त्या माहितीपुस्तिकेत शब्दशः तपासा. उलट, जे मूळचे सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांमधले आहेत, मराठी मातृभाषेचे आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभाग म्हणून स्वतंत्र तरतूद आहे. त्याचा दाखला विहित नमुन्यातच लागतो. गावाचं नाव यादीत आहे का, हे आधी बघा.

कागदपत्रं

इथे खरी कसोटी आहे. दातांची काळजी करणाऱ्या घरांत जात पडताळणीचा अर्जसुद्धा केलेला नसतो, असंच बहुतेक वेळा दिसतं.

सगळ्यांना लागणारे कागद असे: नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फिटनेस, आणि वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र. हे शेवटचं एकच प्रमाणपत्र आहे, तीन नव्हेत. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून तहसीलमार्फत मिळतं. बारावीनंतर वर्ष मोकळं गेलं असेल, म्हणजे रिपीटर असाल, तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही तयार ठेवा.

आरक्षणासाठी तीन कागदांची साखळी असते: जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयाकडून, त्याची वैधता जिल्हा जात पडताळणी समितीकडून (अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी), आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नमर्यादेत असल्याचा दाखला. अनुसूचित जाती आणि जमातींना नॉन-क्रिमीलेअर लागत नाही. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) यांना लागतं, आणि प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. मागच्या वर्षी बहिणीसोबत काढलेलं आहे, चालेल की, असं म्हणून अनेक जण अडकतात. तारीख बघा. पडताळणी समितीचं कार्यालय विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज ऑनलाइन, कॉलेजच्या पत्रासह, बारावीत असतानाच करायचा असतो. वडिलांची किंवा सख्ख्या भावंडाची वैधता असेल तर काम सोपं होतं, नसेल तर पणजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून सुरुवात, आणि त्याला महिने लागू शकतात. वैधता वेळेत नसेल तर खुल्या प्रवर्गात धरतात. कधी मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नका.

ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र तहसीलदार देतात. राज्याच्या आणि केंद्राच्या प्रवेशासाठी नमुने वेगळे आहेत, म्हणून दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने दोन्ही काढावेत.

आता नावांचा घोळ, तो खास आपल्याकडचा. रेशनकार्डावर वडील ‘बाबासो’, सातबाऱ्यावर ‘बाबासाहेब’, आधारावर ‘बाबासो’ आणि मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी. घरात सगळ्यांना ठाऊक की माणूस एकच, पण पोर्टलला ते ठाऊक नसतं. नीटचा फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसाच भरा आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र लागणार असेल तर ते जानेवारीत करा, जुलैत सेतूसमोर रांगा लागतात.

अर्ज कुठे कुठे

नीट एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते. गेली काही वर्षं परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली आहे, आणि अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरून घेतात. निकालानंतर दोन दारं उघडतात, आणि कुठल्या कॉलेजसाठी कुठलं दार, हे कळणं महत्त्वाचं.

राज्याची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, मुंबईचा सीईटी सेल राबवतो. नोंदणी, कागदपत्रं अपलोड, गुणवत्ता यादी, मग पसंतीक्रम. एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात असतात, त्यामुळे दोन्हींची कॉलेजं एकाच यादीत क्रमाने टाकायची. जे कॉलेज मिळालं तर खरंच घेणार नाही ते यादीत घालू नका. दुसरं दार एमसीसीचं (केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीचं): सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं.

कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी डेंटल कॉलेज नाही. सीपीआर रुग्णालयाला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय महाविद्यालय वैद्यकीय आहे, तिथे बीडीएस होत नाही. सरकारी दंत महाविद्यालयांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी मजल मारावी लागते, शिवाय मुंबई महापालिकेचं नायर. घराजवळ हवं तर हातकणंगले तालुक्यात नवे पारगावचं तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आणि सांगलीजवळ कवलापूरचं वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज, दोन्ही खासगी, दोन्ही राज्याच्या कॅपमधून. पण सांगलीचं भारती विद्यापीठ आणि कराडचं कृष्णा विश्व विद्यापीठ अभिमत आहेत, तिथे एमसीसीतूनच जावं लागतं. कॅपमध्ये यांची नावं शोधत बसाल तर सापडणार नाहीत. खासगी कॉलेजांत संस्थात्मक कोटाही (संस्थेच्या वाट्याच्या जागा) असतो, त्याची फी बरीच जास्त.

फीच्या बाबतीत एक गोष्ट पालकांपर्यंत अजून पुरती पोचलेली नाही. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना अशा उत्पन्न मर्यादेत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, संस्थात्मक कोट्याला हे लागू नाही. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, दरवर्षी नव्याने. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात धरलेला नाही. दातांची हत्यारं आणि साहित्य स्वतःला घ्यावं लागतं, त्याचाही आकडा आधी सीनियर विद्यार्थ्यांकडून विचारून घ्या.

जागा लागल्यावर दिलेल्या मुदतीत कॉलेजला मूळ कागदपत्रांसह हजर व्हावं लागतं. सीबीएसईच्या विद्यार्थ्यांनी मायग्रेशन सर्टिफिकेट विसरू नये. हिपॅटायटीस बीची लस झाली नसेल तर लगेच सुरू करा, कारण तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि पुढे रोज लोकांच्या तोंडात हात घालायचा आहे. मूळ कागद एकदा कॉलेजात जमा झाले की बँकेच्या कर्जासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी तेच पुन्हा मागतात. म्हणून निघण्याआधी सगळ्याचे स्कॅन करा, झेरॉक्सचे तीन-चार संच साक्षांकित करून ठेवा आणि कागद जमा केल्याची पावती मागून घ्या.