एकोणतीस की वीस नऊ : एका वादाची पार्श्वभूमी
२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन छापून आले आणि वाद पेटला. ‘बासष्ट’ म्हणताना मुलाच्या कानावर आधी दोन पडतात, लिहायचे मात्र आधी सहा, ही बदलामागची मुख्य अडचण होती. शिवाय जोडाक्षरे होतीच. जुनी नावे वगळलेली नव्हती, पण विधिमंडळात आडनावांवरून झालेल्या कोट्यांपुढे ही साधी गोष्ट मागे पडली.

खरी गाठ आहे ती ‘एकोण’ या शब्दाची. ‘ऊन’ म्हणजे कमी, म्हणून एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. सात वर्षांच्या मुलाने तीस ऐकायचे आणि दोनाचा आकडा काढायचा, असा हा उलटा व्यवहार एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा येतो. ९९ ला मात्र भाषा स्वतःच हा नेम मोडते आणि ‘नव्व्याण्णव’ म्हणते. हाच ‘ऊन’ ‘पाऊण’मध्येही दडला आहे, कारण पाऊण म्हणजे पाव कमी. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या बाजारात पाऊणशे म्हणजे ७५ आणि पावणेदोनशे म्हणजे १७५ होतात. ‘अडीच’मध्ये दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा मोजलेला असतो, तर साडेतीनासाठीच्या ‘औट’मध्ये तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला या सगळ्याचे उच्चारही शाळेत नव्याने जुळवून घ्यावे लागतात.

मागच्या पिढ्यांना हे जड गेले नाही, असे सांगितले जाते. पण त्यांच्या हाताशी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे होते, आणि सोळा आण्यांच्या रुपयात पाव म्हणजे चार आणे व पाऊण म्हणजे बारा आणे, असा रोजचा आधारही होता. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तसा तो आधार सुटत गेला.

चार-सोळाचा हा हिशेब जुनाच. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या तेराव्या शतकातील शिलालेखात ज्या गणिती घराण्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दान दिल्याची नोंद आहे, त्याच घराण्यातील भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाची सुरुवातही वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म अशा कोष्टकाने होते.

नव्या वाचनाने एकोणतीसचे ‘वीस नऊ’ झाले. पावणेतीनला मात्र त्या पुस्तकाने हात लावला नाही.