धातू हायड्राइड प्रशीतन

काही मिश्रधातू हायड्रोजन वायू शोषून हायड्राइड नावाचे संयुग बनवताना तापतात आणि तो सोडताना थंड पडतात. या गुणधर्माच्या आधारे थंडावा किंवा ऊब मिळवण्याच्या पद्धतीला धातू हायड्राइड प्रशीतन म्हणतात. घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर जे काम विजेवर करतो, ते येथे उष्णतेकडून करून घेतले जाते.

पॅलॅडियम हायड्रोजन शोषतो, हे टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये दाखवले. व्यवहारात उपयोगी पडेल अशी मिश्रधातू मात्र शंभर वर्षांनी, फिलिप्सच्या आइंडहोव्हन येथील प्रयोगशाळेत हाती लागली. तिच्यात लँथॅनमच्या एका अणूमागे निकेलचे पाच अणू असतात. ती वजनाच्या सुमारे १.४ टक्के हायड्रोजन सामावून घेते आणि त्या वेळी मिश्रधातूच्या दर किलोमागे साधारण २०० किलोजूल उष्णता बाहेर पडते.

यंत्रात दोन वेगळ्या मिश्रधातूंची भांडी नळीने जोडलेली असतात. तापमान सारखे असताना पहिलीपेक्षा दुसरीवरचा हायड्रोजनचा दाब जास्त असतो. पहिली तापवली की तिच्यातला वायू दुसरीत जातो आणि तेथे सुटणारी उष्णता हवेत सोडता येते. उष्णता पंपात हीच उष्णता वापरतात. नंतर पहिली निववली की वायू आपोआप परततो. तो सोडताना दुसरी मिश्रधातू भोवतालची उष्णता ओढून घेते आणि गारवा मिळतो. तो अखंड मिळावा म्हणून अशा दोन जोड्या आलटूनपालटून चालवतात.

खरी अडचण उष्णता आत-बाहेर नेण्याची आहे. हायड्रोजन शिरला की लँथॅनम-निकेल सुमारे २५ टक्के फुगते, तडकते आणि काही फेऱ्यांतच तिची भुकटी होते. भुकटीतून उष्णता फार सावकाश वाहते, म्हणून तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा फेस किंवा ग्रॅफाइट मिसळतात. शिवाय दर फेरीला जड भांडीही तापवावी-निववावी लागतात. त्यामुळे कार्यगुणांक, म्हणजे पुरवलेल्या उष्णतेच्या मानाने मिळणारा गारवा, बहुधा ०.५ च्या आसपास राहतो. विजेच्या फ्रिजपुढे हा आकडा तोकडा दिसतो, पण इंजिनाच्या धुराची वाया जाणारी उष्णता वापरली, तर ही तुलनाच अन्यायाची ठरते.

या तंत्राचे सर्वांत देखणे यश अवकाशात दिसले. १४ मे २००९ रोजी सोडलेल्या प्लांक वेधशाळेतील शीतकात हायड्राइडचे सहा कप्पे कॉम्प्रेसर म्हणून काम करत. त्यांनी दाबलेला हायड्रोजन आधी सुमारे ५० केल्विनपर्यंत गार करून मग प्रसरण पावू दिला जाई आणि तापमान २० केल्विनच्या आसपास उतरे. या कॉम्प्रेसरमध्ये दट्ट्या नसल्याने सूक्ष्मतरंग टिपणाऱ्या उपकरणांना त्याच्या कंपनांचा त्रास होत नसे.