जन्मदाखल्याचं भाषांतर आणि 'एटीए'चा शिक्का

मुलाकडे अमेरिकेला जायचं ठरलं, की कुणीतरी सांगतंच: मराठी जन्मदाखल्याचं इंग्रजी भाषांतर 'एटीए'च्या, म्हणजे अमेरिकन ट्रान्सलेटर्स असोसिएशनच्या सभासदाकडूनच हवं, नाहीतर फाइल परत येते. मग दोन पानांसाठी लोक वाटेल ते पैसे मोजतात.

असा नियमच नाही. अमेरिकेचा इमिग्रेशन विभाग पूर्ण इंग्रजी भाषांतर मागतो आणि त्यासोबत भाषांतरकाराचं सहीचं निवेदन: भाषांतर संपूर्ण व अचूक आहे आणि या भाषेतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. बस्स. सभासदत्वाचा उल्लेख कुठेही नाही, नोटरीचाही नाही. (आपल्याकडे गोल शिक्का दिसल्याशिवाय कागद खरा वाटत नाही, ते वेगळं.)

दुसरा घोळ 'सभासद' आणि 'प्रमाणित' यांतला. १९५९ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं साधं सभासदत्व वर्गणी भरून मिळतं. प्रमाणपत्राला मात्र तीन तासांची परीक्षा असते, सव्वादोनशे ते पावणेतीनशे शब्दांचे दोन उतारे, आणि ती अवघड म्हणूनच ओळखली जाते. गंमत म्हणजे त्या परीक्षेच्या भाषांत मराठी नाहीच! तेव्हा 'मराठीसाठी एटीए-प्रमाणित' अशी जाहिरात दिसली, तर सरळ पुढे जा.

सभासदत्वाबाबत सगळ्याच संस्था अशा सैल नसतात. परिषदांतल्या दुभाष्यांच्या 'एआयआयसी' या आंतरराष्ट्रीय संघटनेत शिरायचं तर १५० दिवसांचं काम दाखवावं लागतं, वर जुन्या सभासदांनी तुमच्या भाषांची हमी द्यावी लागते.